शपथेनं न सुटणारी बाटली

तिसऱ्या शतकात चीनमध्ये लिउ लिंग नावाचा कवी होऊन गेला. 'बांबूच्या बनातले सात ज्ञानी' म्हणून तिथं जी मंडळी प्रसिद्ध आहेत, त्यांतला हा एक. विचारानं ताओवादी, सवयीनं अट्टल पिणारा. पाचव्या शतकातल्या एका किस्सेसंग्रहात त्याची गोष्ट आहे. बायकोनं एके दिवशी घरातली सगळी दारू ओतून दिली, भांडी फोडली आणि रडून विनवलं, आता पुरे करा, अशानं जिवाला मुकाल. लिउ लिंग म्हणाला, "पटलं. पण माझं मला सोडणं जमायचं नाही. देवासमोर शपथच घ्यायला हवी. नैवेद्याची तयारी कर." नैवेद्य म्हणजे मांस आणि मद्य. त्या बिचारीनं आनंदानं सगळं मांडलं. नवरा गुडघे टेकून बसला आणि देवाला सांगू लागला, की दारू हीच माझी ख्याती, बायकांचं बोलणं काही मनावर घ्यायचं नसतं. मग नैवेद्य खाऊन-पिऊन तिथंच आडवा झाला.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला तो चीनचा वाटलाच नाही. देवगड तालुक्यात कुठल्याही वाडीवर हा गृहस्थ भेटेल, फक्त नैवेद्याला कोंबडा असेल.

देवगडच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. माहेर मालवणचं. डी. फार्म. झाले, लग्न होऊन इथं आले आणि सासऱ्यांच्या गाळ्यात दुकान सुरू केलं. गिऱ्हाइकं मला 'वयनी' म्हणतात. हापूसचा हंगाम आटोपून पहिला पाऊस पडला की बागायतदाराच्या हाती चार पैसे असतात, होड्या वर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते आणि संध्याकाळ माणसाला खायला उठते. त्या दिवसांत आम्लपित्ताच्या गोळ्यांचा खप वाढतो. आणि बायका येतात. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभ्या राहतात, मग पुढं होऊन हळूच विचारतात, "वयनी, जेवणातसून घालूचा औषध आसा काय वो?"

त्यांना हवं असतं ते डायसल्फिराम. १९४०च्या दशकात डेन्मार्कमधल्या येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन या दोन संशोधकांनी जंतांवरचं औषध म्हणून ते स्वतःवर घेऊन पाहिलं, नंतर दारूचा पेला घेतला आणि दोघांचीही तब्येत बिघडली. त्यातून हा उपाय निघाला. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करतं आणि मग ते द्रव्य मोडून टाकतं. हे औषध ती दुसरी पायरीच बंद पाडतं. मग तोंड लाल होतं, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब खाली येतो. स्वतः ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला याचा चांगला उपयोग होतो. पण नवऱ्याला न सांगता आमटीतून दिलं आणि तो बाहेर जाऊन भरपूर प्यायला, तर जीवही जाऊ शकतो. मी त्या बाईला एवढंच म्हणते, त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चिठ्ठी आणा. बहुतेक जणी मान हलवतात आणि परत येत नाहीत.

आपल्याकडचे उपाय फिरून फिरून तेच. शपथ, चोरून दिलेलं औषध, नाहीतर मार. राळेगणसिद्धीत दारुड्यांना खांबाला बांधून चोपल्याचं अण्णा हजारेंनी स्वतः सांगितलेलं आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे ती म्हणजे जोर. आणि जोर लावून व्यसन सुटत नाही, निदान टिकून सुटत नाही, असं मला आता ठामपणे वाटतं. हे मला दुकानानं शिकवलं, दिरानं शिकवलं आणि थोडंफार बुद्ध आणि लाओत्से यांच्या वाचनानं शिकवलं. व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी या दोघांच्या नावावर जे काय फिरत असतं, त्याच्याशी या वाचनाचा संबंध नाही.

सरकारी जोराचं एक उदाहरण इथंच सांगून टाकते, कारण त्यात आपला किनाराही येतो. १८३९ साली चिनी सम्राटाचा खास अधिकारी लिन झेशू यानं परदेशी व्यापाऱ्यांची वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त केली आणि हूमन इथं चुना-मीठ घातलेल्या खड्ड्यांत विरघळवून ती समुद्रात सोडली. पाणी नासवतो आहोत म्हणून त्यानं समुद्रदेवाची प्रार्थना लिहिली आणि जलचरांना काही काळ दूर ने म्हणून विनवलं. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडणाऱ्या आम्हा लोकांना हा अधिकारी आपला वाटावा. त्या काळात चीनला जाणाऱ्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा होता आणि तो मुंबई-दमणच्या बंदरांतून जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांची दौलत चीनच्या व्यापारातली, त्यात अफूही आली. त्याच दौलतीतल्या देणगीतून मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं. एका देशाचं व्यसन दुसऱ्या देशाचा दवाखाना बांधतं, असा हा हिशेब. लिन झेशूच्या कारवाईचं फळ काय? युद्ध झालं, चीन हरला आणि १८५८ नंतर अफूचा व्यापार कायदेशीर करून बसला. माल बुडाला, तृष्णा बुडाली नाही. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याच्या दारूचा टेम्पो पकडल्याची बातमी वाचली की मला हे आठवतं. नाका हवाच, पण त्यानं वाडीवरची तहान कमी होत नाही.

आता शपथेकडे येते. आमच्याकडे माणूस फार प्यायला लागला की त्याला ग्रामदेवतेसमोर उभा करतात. गाऱ्हाणं घातलं जातं, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तोही म्हणतो. खरंच मनापासून म्हणतो, हे मी शपथेवर सांगेन. महिना-दोन महिने जातात. मग बाहेरगावी कुणाच्या तरी हळदीला जातो. शपथ मोडली की दारू परत येते, आणि वर देव परका होतो. माणूस देवळाची वाट टाळतो, पालखी दारात आली तर मागल्या पडवीत जाऊन बसतो. आधी एक ओझं होतं, आता दोन झाली. दुसरं ओझं विसरायला पहिलं वाढतं.

याच्याशेजारी आमच्या बौद्धवाडीतलं पंचशील ठेवून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शील तेच सांगतं. लग्न असो, पुण्यानुमोदन असो, वैशाख पौर्णिमा असो, ते म्हटलं जातं. यात शिक्षा करणारा देव नाही. शील हे शिकण्यासाठी स्वतःहून घेतलेलं असतं, त्यामुळे ते मोडलं तर पुन्हा घ्यायचं असतं, त्याच शब्दांत, त्याच मंडळींबरोबर. पिणारे बौद्धवाडीतही आहेत, ते काही मी लपवत नाही. पण घसरलेल्या माणसाला परत यायला दार कुठल्या बाजूला आहे, हे या पद्धतीत आधीच ठरलेलं आहे.

हा नियम बुद्धानं का केला, याची विनयपिटकातली कथा मला फार आवडते. सागत नावाचा भिक्खू मोठा साधक होता. त्यानं एका भयंकर नागाला आपल्या तेजानं नमवलं. कोसंबीच्या लोकांनी कौतुकानं घरोघरी त्याच्यापुढं मद्य ठेवलं आणि हा गडी घेत गेला. नगराच्या वेशीत कोसळला. इतर भिक्खूंनी उचलून आणला, तर पाय बुद्धाकडे करून झोपला. बुद्धानं एवढंच विचारलं, की यानं नागाला नमवलं होतं ना, मग आता याला साधी पाणदिवड तरी नमवता येईल का? आणि मग भिक्खूंसाठी मद्याचा नियम केला. इच्छाशक्तीचा प्रश्न असता तर सागताइतकी ती कुणाकडे होती? आणखी एक गोष्ट. तेजोधातूच्या साधनेत अग्रगण्य भिक्खू म्हणून बौद्ध वाङ्मयात याच सागताचं नाव येतं. एकदा वेशीत पडला म्हणून कुणी ते खोडलं नाही.

अर्थात सगळे बौद्ध इतके मऊ नाहीत. थायलंडमध्ये साराबुरी प्रांतात थाम क्राबोक नावाचा विहार आहे. तिथं १९५९पासून व्यसनी माणसांवर उपचार होतात. कडू काढा पाजतात, ओळीनं बसवून वांत्या करवतात आणि त्याआधी एक प्रतिज्ञा घ्यायला लावतात. ती एकदाच, मोडलीत तर परत उपचाराला जागा नाही. तिथल्या फ्रा चम्रून या भिक्खूंना १९७५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. म्हणजे आमचं गाऱ्हाणं आणि त्यांची प्रतिज्ञा सख्ख्या बहिणी. काहींना ती कडक रीत मानवत असेलही. माझ्या दिराला ती मानवली नसती. त्यानं आयुष्यात देवाला इतकी वचनं दिली होती, की देवानंही वही घातली असेल.

भावजींना विचारूनच हे लिहिते आहे. जामसंड्याकडे त्यांची कलमांची बाग आहे. माणूस कष्टाळू, मोहोर बघून पिकाचा अंदाज सांगणारा. पण संध्याकाळी सातनंतर घरात नाही. "मनात इला तर उद्यां सोडीन," हे त्यांचं वाक्य, आणि पुरावा म्हणून दर वर्षी श्रावण कडक पाळायचे. गणपती विसर्जनाच्या रात्री पुन्हा सुरू. शेवटी काविळीनं आडवे झाले, तेव्हा पुण्याला मुक्तांगणमध्ये नेलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये, पुण्यात गर्दचं व्यसन पसरत असताना, हे केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला पहिल्यापासून आधार होता. पाच आठवडे राहायचं असतं. तिथं पिणाऱ्याला आजारी माणूस मानतात आणि समजवायला बसलेल्यांत एके काळी स्वतः व्यसनात असलेले बरेच असतात. नुसत्या उपदेशाला भावजींनी भीक घातली नसती. समोरचा माणूस आपलीच गोष्ट सांगतो आहे म्हटल्यावर ते ऐकू लागले.

तिथून आल्यावर एकदा त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आधी पालीच्या भाषांतरात वाचलं होतं. बुद्धाच्या शिकवणीत एक साखळी आहे. इंद्रियांचा कशाशी तरी स्पर्श होतो, त्यातून वेदना उपजते (बुद्ध वेदना म्हणतो ती दुखण्यापुरती नसते, सुखद, दुःखद किंवा मधली कुठलीही जाणीव), वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून घट्ट धरून ठेवणं, आणि मग पुढचं सगळं दुःख. साखळी तुटू शकते ती वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये. अंगात काहीतरी जाणवतं आणि 'मला हवं' असं मन म्हणतं, या दोहोंत एक बारीक फट असते. भावजी म्हणाले, "वयनी, सात वाजले की पयलो घसो सुकता. मगे हात शिवशिवतत. मगे डोक्यात हिशोब सुरू जाता, आज कोण कोण आसतलो. ह्या माका आधी कधी दिसाक नाय. सात वाजत आणि मी थयसर पोचलेलो आसय, इतक्याच ठावक."

ती फट दिसणं, हाच विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीचा सगळा खटाटोप. आणि ती शिकवणारे सत्यनारायण गोयंका तिच्याकडे वळले त्यामागंही व्यसनाचीच भीती होती, हे फार लोकांना माहीत नसतं. म्यानमारमध्ये १९२४ साली जन्मलेले हे व्यापारी. अर्धशिशीचा भयंकर त्रास, त्यावर मॉर्फिनची इंजेक्शनं, आणि डॉक्टरांनी इशारा दिला, की आता मॉर्फिनचंच व्यसन लागेल. १९५५मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूंनी आधी परतच पाठवलं, डोकं दुखतंय म्हणून इथं यायचं नाही म्हणाले. नंतर घेतलं. १९६९मध्ये गोयंका भारतात आले आणि १९७६पासून इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं. माणूस दारूच्या मागं लागलेला नसतो, दारूमुळे अंगात जी संवेदना उठते तिच्या मागं लागलेला असतो, हे त्यांचं सांगणं मला औषधविक्रेती म्हणून नेमकं वाटतं. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला मीही बसले. मौनाचं काही वाटलं नाही, गुडघ्यांनी मात्र जीव काढला.

'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मिशिगन विद्यापीठातले टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३मध्ये मांडलं. डोपामीन हे रसायन सुखाचं म्हणून ओळखलं जातं, पण ते जास्त करून ओढ निर्माण करतं. व्यसनात ओढ वाढत जाते, सुख वाढत नाही, उलट आटतं. भावजींच्या भाषेत, "शेवटाक ती माका आवडा नाय, पण होयी मात्र होती." बौद्ध कथांमधले प्रेत, म्हणजे भुकेली भुतं, असेच असतात. पोट अवाढव्य, गळा सुईइतका, खाल्लेलं कधी पुरत नाही. कॅनडातल्या व्हॅंकुव्हर शहरात व्यसनी लोकांमध्ये काम केलेले डॉ. गाबोर माटे यांनी २००८च्या आपल्या पुस्तकाच्या नावात या भुकेल्या भुतांनाच घेतलं आहे. आमच्याकडचा राखणदार देवचार बरा म्हणायचा. वर्षाच्या राखणीत कोंबडा, विडी आणि घोटभर दारू मिळाली की गप्प बसतो, वर्षभर बाग राखतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी ही फट बघण्याचं तंत्र सोप्या शब्दांत आणलं. सिगारेट सोडू पाहणाऱ्या एका माणसाला त्यांनी सांगितलं, की ओढ ही लाट आहे असं समज. ती उठेल, चढेल, फुटेल. तिला अडवू नकोस, तिच्यात बुडूही नकोस, तिच्यावर तरून राहा. बहुतेक वेळा ओढ अर्ध्या तासाच्या आत ओसरते. आपण आधीच शरण जातो म्हणून ती कधी ओसरताना दिसत नाही. मार्लट यांनी सिॲटलच्या तुरुंगात विपश्यनेच्या शिबिरांचा अभ्यास केला. त्यांच्या सहकाऱ्यांनी २८६ माणसांवर केलेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरानंतर, सजगतेचा सराव शिकलेल्यांचे व्यसनाचे दिवस नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा आणि इतर गटापेक्षाही कमी दिसले. भावजी सात वाजता किल्ल्याकडे जाऊन बसत. "तेचा माका काय करूचा नाय, नुसता बघूचा आसा," म्हणत. आधी मला वाटायचं, हे नुसतं बसणं कसलं औषध. पण समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला लाट समजवावी लागत नाही.

मग जोराला बुद्धाकडे काहीच जागा नाही का? आहे. मज्झिमनिकायातल्या एका सुत्तात नको असलेले विचार आवरायचे पाच उपाय आहेत. आधी दुसरा चांगला विचार आणा. नाही जमलं तर त्या विचाराचे तोटे बघा. नाही जमलं तर लक्ष देऊ नका. नाही जमलं तर तो कुठून उठला ते शोधत त्याचा वेग कमी करा. आणि यातलं काहीच चाललं नाही तर दातावर दात दाबून मनानं मनाला चिरडा. म्हणजे आम्ही ज्याने सुरुवात करतो तो उपाय तिथं शेवटचा.

ताओवाद्यांनी जोर आणखी खाली उतरवला. 'ताओ ते चिंग' या लाओत्सेच्या नावावरच्या ८१ छोट्या प्रकरणांच्या ग्रंथात वू-वेईची शिकवण आहे, म्हणजे गोष्टीच्या ओघाविरुद्ध बळजबरी न करणं. यातून 'काहीच करू नये' असं काढून लिउ लिंगसारखे लोक मोकळे झाले. च्वांगत्से या दुसऱ्या ताओवादी विचारवंतानं त्यांना आधीच उत्तर दिलेलं आहे. त्याच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या प्रकरणात एक दारुडा चालत्या गाडीतून पडतो आणि मरत नाही, कारण आपण पडतो आहोत ही भीतीच त्याच्या मनात शिरलेली नसते. पिणाऱ्यांना ही गोष्ट आवडेल, पण च्वांगत्से पुढं विचारतो, की दारूनं इतकी निर्भयता येत असेल तर जी निसर्गाकडून येते ती केवढी असेल? दारू देते ते उसनं. मला वाटतं, पिणाऱ्याला नेमकं काय हवं असतं हे इतक्या आपुलकीनं फार थोड्यांनी सांगितलं आहे. त्याला धास्तीपासून सुटका हवी असते. मागणी चुकीची नाही, दुकान चुकीचं आहे.

त्याच प्रकरणात कन्फ्यूशियस एका प्रचंड धबधब्याखाली एक माणूस पाहतो. जीव द्यायला उडी मारली म्हणून शिष्यांना धावायला सांगतो, तर तो खाली केस मोकळे सोडून गात बाहेर येतो. युक्ती काय विचारल्यावर म्हणतो, भोवऱ्याबरोबर आत जातो, उसळीबरोबर वर येतो, पाण्यावर आपली मर्जी चालवत नाही. आमचे गाबीत खलाशी पर्यटकांना हेच ओरडून सांगतात, की आत ओढणाऱ्या पाण्याशी समोरासमोर झगडू नका, आडवे पोहा.

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी केली. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली म्हणजे दारूपुढं आपलं काही चालत नाही, ही कबुली. त्यांनी ताओ वाचून ती लिहिली नव्हती. पण 'उद्यां सोडीन' म्हणणारा माणूस जेव्हा "दारवेसमोर माझा काय चालाचा नाय" म्हणतो, तेव्हा तो आडवा पोहायला लागलेला असतो. बौद्धवाडीतल्या एका मुलानं भावजींना विचारलं होतं, की तुमच्या त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीत वरच्या शक्तीवर विश्वास ठेवा म्हणतात, मी देव मानत नाही, मग काय करू? भावजींनी मला विचारलं, मी त्याला सांगितलं, बाळा, त्रिशरणात तिसरं काय आहे? संघ. तो समोर खुर्च्या मांडून बसलाय.

वू-वेईचा खरा उपयोग मला दिसला तो माझ्या जावेच्या बाबतीत. ती वर्षानुवर्षं बरंच काही करत होती. त्यांची उधारी फेडायची, मजुरांना 'ह्यांका ताप इलोहा' सांगायची, रात्री शोधायला जायची, सकाळी लिंबू-पाणी द्यायची आणि दिवसभर बोलायची. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. तिथून आल्यावर तिनं यातलं एकेक करणं थांबवलं. उधारीवाला दारात आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ज्यांनी घेतलीत त्यांच्याकडे मागा. गावात बोलणी खाल्ली तिनं. पण नवऱ्याला त्याच्या पिण्याचं ओझं पहिल्यांदा स्वतःच्या खांद्यावर लागलं.

राहिली संध्याकाळ. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे जवळपास वीस टक्के सैनिक हेरॉइनसारख्या अफूजन्य मादक द्रव्यांत अडकले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परतलेल्यांचा अभ्यास केला, तर त्यांतले पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेलेले जेमतेम पाच टक्के निघाले. बहुतेकांनी कसलाही उपचार घेतला नव्हता. ती झाडी, ती भीती, ते सोबती मागं राहिले होते. कारणं बदलली की कार्य बदलतं, हे बुद्धाचं मूळ सूत्र इथं आकड्यांत दिसतं. आमच्याकडे 'त्यानं माळ घातली' म्हणजे दारू-मटण सुटलं असा अर्थ घेतात. श्रेय तुळशीच्या मण्यांना जातं. मी श्रेय देईन ते भजनाला, कारण ते सात वाजता असतं. बंदरावरचा बार आणि विठ्ठलाचं देऊळ एकाच वेळी उघडं असतं, आणि माणूस एका वेळी एकाच ठिकाणी बसू शकतो. घरच्यांनी 'सोड, सोड' म्हणण्यापेक्षा सात ते नऊ त्यानं कुठं आणि कुणाबरोबर बसायचं, याची सोय लावली तर जास्त उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र ध्यान, भजन, ताओ या सगळ्याच्या आधीची आहे आणि ती औषधवाली म्हणून मला सांगितलीच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एका झटक्यात दारू बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात, माणूस दगावूही शकतो. विपश्यनेच्या नियमांतच लिहिलं आहे, की ही साधना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. तेव्हा आधी डॉक्टर. ओरोस-कणकवलीकडे मानसोपचाराची सोय आहे. तिथपर्यंत जाण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत. फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असं नाही, घरातलं कुणीही करू शकतं.